जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला निघालाय? या चुका टाळा

दिवाळीत गावाला गेलं की हल्ली बऱ्याच जणांना आजीच्या ओव्या आठवतात. मग आजीला ओट्यावर बसवायचं, फोन तोंडासमोर धरायचा, "आजी म्हण की एखादी", आजी लाजत लाजत दोन म्हणते, त्यावर बासरी टाकून रील होतं आणि झालं जतन. रील करू नका असं अजिबात म्हणत नाहीये, करा बिनधास्त. पण त्या क्लिपवरून बाई कोण, गाव कुठलं, ही चाल तिला आईकडून मिळाली की सासरी आल्यावर, यातलं काहीही कळत नाही, आणि थोड्या वर्षांनी ती क्लिप कुठल्यातरी जुन्या फोनमध्ये नुसता एक आकडा होऊन पडलेली असते.

माझं म्हणणं एवढंच की ओवीचे शब्द हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, ते वहीत पण उतरतात. निसटतं ते बाकीचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉईटवां या संशोधकांनी १९८० च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांसोबत काम करता करता ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे तो आकडा एक लाखाच्या वर गेला. पण बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकासोबत ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९९० च्या दशकात, त्यामुळे आवाजात आहेत त्या त्यातल्या काही हजारच. या साठ्यातलं बरंच काही 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर आहे, एकदा तरी ऐका. प्रत्येक ओवीमागे गाणारीचं नाव, गाव, तालुका आहे, म्हणून तो साठा आज वापरता येतो. आपल्याकडच्या जुन्या छापील संग्रहांत बऱ्याचदा फक्त ओवी असते, ती म्हणणारी बाई गायब.

रिकामं जातं फिरवायला लावणं

ही चूक बघितली की मला खरंच राग येतो. माळ्यावरचं जातं खाली काढतात, पुसतात, हळदीकुंकू लावतात आणि म्हणतात, मावशी आता फिरवा आणि गा. आत दाणा नाही! दगडावर दगड घासतो, टाकी लावलेली असेल, म्हणजे दगडाला छिन्नीने खाचा पाडलेल्या असतील, तर ती झिजते, बारीक कच पडते आणि आवाज येतो तो दळणाचा नसतोच. दाणे असले की जातं जड चालतं, हाताला जोर लागतो, श्वास त्या जोराने तुटतो आणि ओवी नेमकी त्या श्वासावर बसलेली असते. किलोभर ज्वारी आणा, होऊ दे पीठ, त्याची भाकरी खा. डाळ भरडायची असेल तर तेही सांगून लिहून ठेवा कारण भरडायचा वेग वेगळा आणि पीठ काढायचा वेगळा.

आणि जातं वर्षानुवर्षं पडून असेल तर आधी टाकी लावून घ्या, नाहीतर दाणा नुसता घरंगळतो आणि बाईचं सगळं लक्ष जात्याकडेच राहतं. हल्ली जातं टाकवणारा माणूस शोधणं हेच एक काम आहे, तो सापडला तर त्याचंही रेकॉर्डिंग करा, छिन्नी कशी धरतो, किती खोल मारतो हे सगळं. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचं असंच झालंय, इंजिनं आणि मोटारी आल्या आणि मोटेवरच्या गाण्यांसोबत नाडा, सोल, थारोळं, धाव हे शब्दपण गेले. गाणी कोणीतरी लिहून ठेवली पण मोट हाकताना कुठल्या ओळीला बैल धावेवर, म्हणजे त्यांच्या येण्याजाण्याच्या उतारावर, कुठे असायचे हे लिहिलेलं फारसं सापडत नाही.

आवाज "क्लीन" करायच्या नादात जातंच पुसलं जातं

फोनमध्ये आवाज स्वच्छ करण्याची जी सोय असते ती एकसारख्या घरघरीला गोंगाट समजते. आणि जात्याचा आवाज म्हणजे एकसारखी घरघरच. मग होतं काय, बाई गायची थांबली की फोन आपोआप आवाज वर खेचतो, ती गायला लागली की जातं दाबून टाकतो, आणि ऐकताना असं वाटतं कोणीतरी दार उघडझाप करतंय. म्हणून असं रेकॉर्डर ॲप घ्या ज्यात ऑटो गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणं) आणि नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं, लेव्हल हाताने लावा, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे.

पदराला क्लिपचा माइक लावणं ही पण नेहमीची गडबड. दळताना बाई अख्खी पुढेमागे होते, पदर घासतो, बांगड्या वाजतात. फोन जमिनीवर ठेवला तर जात्याची थरथर थेट माइकमध्ये. खाली गोधडीची घडी, त्यावर पाट किंवा छोटा स्टँड, तोंडापासून हातभर अंतर आणि थोडं बाजूला, बस. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिजपण, आणि फोन फ्लाइट मोडवर, कारण ऐन रंगात आलेल्या ओवीत कॉल आला की कितीतरी फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. पत्र्याचं घर असेल आणि बाहेर पाऊस असेल तर नादच सोडा, चहा प्या, गप्पा मारा.

फाइल वेव्ह (.wav) फॉरमॅटमध्ये घ्या, त्यात आवाज दाबला जात नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे तासाला साधारण ५२० एमबी, आजच्या फोनला ते काहीच नाही, फक्त निघण्याआधी जागा आहे ना बघून घ्या. एमपीथ्री नंतर कधीही बनवता येते, उलटं होत नाही. आणि प्लीज, मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ किंवा व्हिडिओ म्हणून पाठवून तीच जपून ठेवू नका, पाठवताना ती दाबली जाऊ शकते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, आणि मूळची आपल्याकडे तशीच.

"नंतर लिहू" म्हणणं

नंतर कोणी लिहीत नाही. रेकॉर्डिंग सुरू केलं की पहिलं अर्धं मिनिट तुम्ही स्वतः बोला: आज तारीख अमुक, गाव, तालुका, जिल्हा, गाणाऱ्या कोण, सोबत कोण बसलंय, काय दळतोय. वही हरवली तरी हे फाइलमध्येच राहतं. फाइलचं नावसुद्धा तारीख, गाव, गाणारीचं नाव असं त्याच रात्री द्या. नावात एक घोळ होतो, आपण सासरचं नाव लिहून मोकळे होतो. पण ओव्या बऱ्याचदा माहेरून येतात, तेव्हा माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि शिकल्या कोणाकडून हे विचाराच, नाहीतर उद्या कोणीतरी ती चाल भलत्याच तालुक्याच्या नावावर लावेल.

फक्त गोड गोड निवडणं

माहेर, भाऊराया, पंढरीची वाट एवढंच रेकॉर्ड करून घरी यायचं आणि सासूला हासडलेल्या शिव्या, नवऱ्याचा मार, सीतेला वनात धाडल्याचा राग असलं काही सुरू झालं की "मावशी दुसरी म्हणा ना" करायचं, हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांना करताना बघितलंय. ओवी ही पहाटे, घरातले पुरुष झोपलेले असताना म्हटलेली गोष्ट आहे, तिच्यात हे सगळं असणारच. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत, पहिली माझी ओवी म्हणत सुरू होणाऱ्या. गोळा करणारा फक्त विठ्ठलाच्या ओव्या शोधत फिरला असता तर त्या मिळाल्या असत्या का? तुम्ही ठरवू नका. गावात एकाच आळीत बसून उठू नका, हेही त्यातच आलं.

लिहून काढताना पण हाच रोग. "न्हाई"चं "नाही", "इट्टल"चं "विठ्ठल", मधली "बाई", "गं", "सया" ही भरती म्हणून कापायची, दुसऱ्यांदा आलेली ओळ गाळायची. मग यमक मोडतं, मात्रा मोडतात आणि हातात राहते शाळेच्या पुस्तकातली कविता. हल्ली आवाजावरून आपोआप मजकूर करणारी ॲप्स आहेत, ती बोलीचं गुपचूप प्रमाण मराठी करून टाकतात, कच्चा खर्डा म्हणून ठीक पण प्रत्येक ओळ कानाने तपासा. शक्यतो दोन नोंदी ठेवा, एक सांगितली तशी आणि एक गायली तशी, कारण सांगताना बाई दोन ओळींत संपवते आणि गाताना त्याच ओळी तोडून, परत घेऊन, चांगल्या मिनिटभर खेचते. न कळलेला शब्द तिथेच विचारायचा, पुण्यात येऊन शब्दकोशात नाही.

परवानगी आणि पैसे

याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहितोय. "म्हणा" म्हटल्यावर बाईने म्हटलं म्हणजे तिने यूट्यूबला परवानगी दिली असं होत नाही. रेकॉर्डिंगला हो, घरच्यांना ऐकवायला हो, अख्ख्या जगाला दाखवायला हो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्ही वेगळे विचारा आणि उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. सासूवरची ओवी सासरच्या भावकीत फिरली तर त्रास तिला होणार, तुम्हाला नाही. "लोककला सगळ्यांचीच असते" हे वाक्यही ऐकून कंटाळा आलाय. ओवी सगळ्यांची असेल पण तो आवाज तिचा आहे, आणि कायदाही तेच म्हणतो: १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क आला, आज तो ५० वर्षं चालतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लावलं जावं हा हक्कसुद्धा आहे.

पैशाचं म्हणाल तर तुम्ही अर्धा दिवस बसवता म्हणजे तिचा रोज बुडतो. तो द्या, साडीचोळी करून फोटो काढण्यापेक्षा ते बरं. जायचं कधी हेही विचारून ठरवा, पेरणी-खुरपणीच्या दिवसांत जाऊन बसलात तर तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही पण मनातून वैतागतील, आणि बीडकडच्या कित्येक वस्त्या दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेल्या की उन्हाळा लागेपर्यंत रिकाम्या असतात.

बॅकअपचं थोडक्यात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात. पेन ड्राइव्ह ही प्रत नाही. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवलंत तर ते कॉलेज, ती नोकरी सुटल्यावर खातं बंद होतं. यूट्यूब हा पण साठा नाही, तिथून मूळ फाइल तशीच्या तशी परत मिळत नाही. चौथी प्रत गाणारीच्या घरी, मेमरी कार्डवर, छोट्या स्पीकरमध्ये वाजेल अशी.

"आता काय आठवत नाय बघ"

हे ऐकलं की लोक सामान आवरतात. अहो, एकट्या बाईला खुर्चीत बसवून "आठवा" म्हटल्यावर कोणाला आठवेल. जात्याला समोरासमोर दोघी बसवा, खुंट्यावर दोघींचे हात असू द्या, एकीने अर्धी टाकली की दुसरी उचलते. नणंद, जाऊ, शेजारीण, जी बरोबरीची असेल ती. सूनबाई आणि नातवंडांना थोडं लांब पाठवा, त्यांच्यासमोर काही ओव्या निघतच नाहीत. "ओवी म्हणा" ऐवजी विषय द्या, भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, लग्नात घाणा भरतानाच्या. एक झाली की हीच दुसऱ्या गळ्यात, म्हणजे चालीत, म्हणा की, असं म्हणून बघा, चाली बदलतात तशा नव्या ओव्या सुटतात. आणि पहिला दिवस वाया गेला असं समजून चाला, फोन खिशात, नुसतं दळू लागा.

घरात आधीच नाव-गाव नसलेल्या क्लिपा किंवा जुन्या कॅसेट असतील तर त्या टाकून देऊ नका. कॅसेट लावण्याआधी बुरशी दिसते का बघा, असेल तर स्वतः वाजवू नका, डेकचं हेडही खराब होईल आणि फीतही, डिजिटायझेशन करणाऱ्या माणसाकडे द्या. नसेल तर हेड स्पिरिटने पुसून एकदाच, वेव्हमध्ये, शेवटपर्यंत चालू ठेवून उतरवून घ्या. कव्हरवर पेनने काही खरडलेलं असेल त्याचाही फोटो काढा. मग ते घेऊन त्या वयाच्या बायकांमध्ये जाऊन बसा आणि वाजवा. आवाज ओळखणारी कोणीतरी निघते, "ही तर आमच्या धाकट्या चुलतीची", आणि ती बोलत असताना तुमचं दुसरं रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे.