सापांच्या पैदाशीसाठी पेट्या निवडताना या चुका टाळा

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक यांची घरगुती पैदास करू पाहणारे बहुतेक जण हाताशी असलेले साप मोजतात आणि तेवढ्याच पेट्या आणतात. मूळ चूक इथेच होते. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी घालते, तर कॉर्न स्नेकची मादी १० ते २०. म्हणजे बॉल पायथनचा एक नर आणि ३ माद्या एवढाच पसारा असला, तरी हंगाम चांगला गेल्यास सुमारे १५ पिल्ले हाती येतात आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र डबा, लपण आणि पाण्याची वाटी लागते. जागा वाचवण्यासाठी दोन पिल्ले एकत्र ठेवली, तर कोणी खाल्ले आणि कोणी खाल्लेले ओकून टाकले हे कळत नाही. कॉर्न स्नेकची पिल्ले तर क्वचित एकमेकांनाही गिळतात. त्यामुळे पिल्लांच्या डब्यांची सोय नर-मादी एकत्र सोडण्यापूर्वीच झालेली असावी. अंडी घातल्यापासून ती फुटेपर्यंत जेमतेम दोन महिने मिळतात आणि तो काळ अंड्यांकडे लक्ष देण्यातच जातो.

भारतातील वाचकांनी त्याहीआधी कायदा पाहावा. धामण, नाग, अजगर यांसारखे देशी साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथन हा साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मधील प्राणी असल्यामुळे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घरात जन्मलेल्या पिल्लांची माहितीही कळवावी लागते. ही कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पेट्यांवर खर्च करू नये.

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका उष्णतेच्या असतात. रॅकमध्ये, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या टबांच्या मांडणीत, मागच्या बाजूने हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, फिरवलेली असते आणि संपूर्ण रॅक बहुधा एकाच थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान राखणाऱ्या उपकरणावर, चालतो. या थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे टोक, पुष्कळ जण टबाच्या आत सोडतात. साप तो सरकवतो किंवा पाण्याची वाटी त्यावर सांडते. मग प्रोबला गारवा जाणवतो, थर्मोस्टॅट टेप तापवत राहतो आणि सापाचे पोट भाजते. प्रोब टबाच्या बाहेर, थेट टेपवर पक्का बसवावा आणि टबाच्या आतल्या तळाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने वेगळे मोजावे. बॉल पायथनसाठी उबदार टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ ते २७ अंश असावे. हे मोजमाप सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या अशा दोन्ही टबांत घ्यावे, कारण गरम हवा वर चढल्याने एकाच रॅकच्या दोन टोकांत फरक पडतो. शिवाय टेप तळ तापवते, खोली तापवत नाही. हिवाळ्यात गॅरेजचे तापमान १५ अंशांवर उतरले, तर महागातला महाग रॅकही गार टोक सांभाळू शकत नाही. तेव्हा खोलीच तापवावी लागते.

संपूर्ण रॅक एकाच थर्मोस्टॅटवर चालत असल्याने दोन जातींना एका रॅकवर ठेवू नये. कॉर्न स्नेकच्या पैदाशीसाठी अनेक जण त्याला हिवाळ्यात दोन-तीन महिने १० ते १३ अंशांच्या गारव्यात विश्रांती देतात. बॉल पायथनला तेवढा गारवा मानवत नाही आणि त्यामुळे त्याच्या श्वसनमार्गाला संसर्ग होऊ शकतो.

आकाराबाबत मतभेद आहेत. बॉल पायथनची पूर्ण वाढलेली मादी ४ ते ५ फुटांची होते. तिला अंग पूर्ण ताणता येईल एवढी पेटी मला किमान गरजेची वाटते, म्हणजे सुमारे १२० बाय ६० सेंटिमीटर तळाची. अंडी धरलेली मादी कधी गार जागा शोधते, कधी उबेला जाऊन पोट वर करून पडते. आखूड टबात दोन्ही टोकांचे तापमान जवळपास सारखेच होते आणि तिची ही निवड हिरावली जाते. पिल्लांना मात्र मोठ्या, मोकळ्या पेटीत टाकल्यास ती बुजून खाणे सोडतात. त्यांना लहान डबा आणि अंग टेकेल अशी अरुंद लपण द्यावी.

पेटी चुकली आहे हे साप दाखवून देतो. कात तुकड्या-तुकड्यांनी निघत असेल, तर हवा कोरडी आहे. बॉल पायथनसाठी आर्द्रता साधारण ५५ ते ६५ टक्के ठेवावी. भिंतींवर पाणी साचून बिछाना ओला राहत असेल आणि पोटाचे खवले तपकिरी पडत असतील, तर हवेची छिद्रे कमी आहेत. छिद्रे पाडल्यावर त्यांची आतली कड गुळगुळीत करावी, नाहीतर बाहेर निघू पाहणारा साप तिथेच नाक घासून घेतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज किंवा तोंडाशी फेस दिसला, तर पेटीत बदल करत बसू नये, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याकडे न्यावे. बिछान्यासाठी देवदार किंवा पाइन लाकडाचा भुसा वापरू नये.

झाकण नसलेल्या रॅकमध्ये टब आणि वरची फळी यांच्यातली फट तपासल्याशिवाय पिल्ले सोडू नयेत. कॉर्न स्नेकचे पिल्लू पेन्सिलएवढ्या फटीतून सहज निसटते.

आणखी एका पेटीची तजवीज बहुतेक यादीत नसतेच, ती म्हणजे नव्या सापाला वेगळे ठेवण्याच्या पेटीची. नवा साप किमान ९० दिवस दुसऱ्या खोलीत, साध्या टबात, पांढऱ्या पेपर टॉवेलवर ठेवावा. त्या पांढऱ्या कागदावर किंवा पाण्याच्या वाटीत तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर ते माइट, म्हणजे सापाचे रक्त पिणारे बारीक परजीवी, असतात. गडद भुशात ते आठवडेच्या आठवडे लपून राहतात आणि रॅकमध्ये शिरले की एका टबातून दुसऱ्या टबात पसरतात. या टबाचा चिमटा, वाटी आणि फडके वेगळे ठेवावे आणि रोजची देखभाल करताना त्याची पाळी सर्वांत शेवटी घ्यावी.