सर्वेक्षणासाठी सॅम्पल साइझ काढताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस (संशोधनाचे आराखडे) तपासायला आले की मी आधी सॅम्पल साइझचा, म्हणजे किती माणसं तपासायची याचा, परिच्छेद काढते. सूत्र बहुतेकांचं बरोबर असतं: चार पीक्यू भागिले एल स्क्वेअर. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी आणि एल म्हणजे आपल्याला चालणारी चूक. घोळ होतो तो या एलमध्ये.

समजा, आधीच्या अभ्यासात उच्च रक्तदाब २० टक्के लोकांत आढळला. विद्यार्थी लिहितो, ‘५ टक्के चूक धरली.’ पण ५ टक्के कशाचे? १५ ते २५ या पट्ट्यात उत्तर चालणार असेल तर एल ५ आणि माणसं लागतात २५६. वीसचे ५ टक्के म्हणायचं असेल तर एल फक्त १, आणि माणसं ६,४००! एका शब्दाने काम पंचवीसपट होतं. म्हणून चूक निरपेक्ष धरली की सापेक्ष, हे लिहाच.

आजार दुर्मिळ असेल तर उलटी फसगत होते. पी २ आणि एल ५ घातलं की उत्तर येतं ३२. आकडा लहान आला म्हणून खूश होऊ नका. २ टक्क्यांच्या हिशेबाने ३२ जणांत एक रुग्णही धड सापडायचा नाही, आणि २ मधून ५ वजा केले तर टक्केवारी शून्याखाली जाते. इथे एल पीपेक्षा बराच लहान हवा. एल १ घेतला तर ७८४ लागतात.

‘लोकसंख्येच्या १० टक्के घेतले’ हे वाक्य तर खोडूनच टाका. पी ५० आणि एल ५ धरून, सूत्रातल्या चारऐवजी अचूक १.९६ चा वर्ग (सुमारे ३.८४) घेतला, तर दोन लाखांच्या तालुक्याला साधारण ३८५ पुरतात. दोन हजारांच्या गावालाही, लहान लोकसंख्येसाठीची दुरुस्ती करून, सुमारे ३२३ लागतातच.

हे सगळे आकडे सरळ यादृच्छिक निवडीचे, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडण्याचे, आहेत. वस्त्या निवडून त्यांतली घरं घेणार असाल तर डिझाइन इफेक्टने (अशा निवडीमुळे सॅम्पल किती पट वाढवायचं त्या आकड्याने) गुणावं लागतं, कारण एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण सर्वेक्षणातली ३० क्लस्टर (वस्त्या), प्रत्येकी ७ मुलं ही जुनी पद्धत घ्या. पी ५० आणि एल १० धरून ९६ मुलं, डिझाइन इफेक्ट २ धरून त्याची दुप्पट १९२. ती ३० वस्त्यांत वाटली की वस्तीमागे ७ धरावी लागतात, म्हणून २१०.

स्त्री-पुरुषांचे आकडे वेगवेगळे द्यायचे असतील तर प्रत्येक गटाला स्वतंत्र सॅम्पल काढा.

आणि १० टक्के लोक नकार देतील असं वाटत असेल तर ३८५ मध्ये १० टक्के मिळवू नका, ०.९ ने भागा. ४२४ नाही, ४२८ घरांची दारं ठोठवावी लागतील.