फायब्रॉइडसाठी ‘पिशवी काढण्या’आधी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टना कसे भेटावे

पाळीत अंगावरून फार जाते, हिमोग्लोबिन खाली आले आहे आणि सोनोग्राफीत फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातील साध्या (कर्करोगाच्या नसलेल्या), गाठी दिसल्या, की बोलणे लवकरच ‘पिशवी काढून टाका’ इथवर येते. तो निर्णय घेण्यापूर्वी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडूनच इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टसाठी, म्हणजे बारीक नळी आत घालून उपचार करणाऱ्या रेडिओलॉजिस्टसाठी, चिठ्ठी मागावी. फोटो पाहून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर उपचार कसला करणार, ही शंका घरातून येतेच. परंतु १९६४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनी एका वृद्धेच्या पायाची अरुंद झालेली धमनी कॅथेटरने (बारीक नळीने) रुंद करून तिचा पाय वाचवला, तेव्हापासून ही शाखा उपचारही करते.

फायब्रॉइडच्या या उपचारात मनगटातून किंवा जांघेतून दोन मिलिमीटरहून बारीक नळी आत घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती गर्भाशयाच्या उजव्या व डाव्या धमनीपर्यंत नेतात आणि बारीक रव्यासारखे कण सोडून गाठींचा रक्तपुरवठा तोडतात. पुढील काही महिन्यांत गाठी आक्रसतात आणि रक्तस्राव कमी होतो.

भेटीला जाताना एमआरआय झाला असल्यास त्याची सीडी न्यावी, नुसता रिपोर्ट पुरत नाही. गाठ कोठे आहे, देठावर लोंबते का, हे डॉक्टरांना स्वतः पाहायचे असते. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्टही हवा, कारण धमन्या दिसाव्यात म्हणून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मेटफॉर्मिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तांबी बसवलेली असेल, पूर्वी अशा इंजेक्शनने अंगावर पित्त उठले असेल, तर ते न विचारताही सांगावे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पुढे मूल हवे असल्यास ते पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण मग केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया बरी ठरू शकते. पाळी कायमची गेल्यानंतर रक्त जात असेल, तर आधी कर्करोगाची तपासणी व्हायलाच हवी.

‘टाके नाहीत, लवकर घरी’ हे सगळेच सांगतात. पहिल्या रात्रीच्या कळांबद्दल मात्र आपणच विचारावे. रक्त तुटलेली गाठ चांगलीच दुखते, म्हणून त्या रात्री वेदनाशामक कोणते व कसे देणार, हे आधीच ठरवून घ्यावे. नळी जांघेतून घातली असल्यास काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. पहिले काही दिवस कणकण राहू शकते. पण ताप वाढत गेला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मग उपचाराला कित्येक आठवडे उलटून गेलेले असले तरीही.