गॅस की वीज? नागपूरच्या घरात या चुका टाळा

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. ज्या घराला ही दोन्ही टोके सोसायची असतात, तेथे "गॅस परवडतो की वीज?" हा प्रश्न एकदाच विचारून सगळ्या कामांसाठी एकच उत्तर धरून चालणे, हीच पहिली चूक होय. आंघोळीचे पाणी तापवणे, थंडीत खोली उबदार ठेवणे आणि उन्हाळ्यात ती गार करणे ही तीन निराळी कामे आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा निघतो.

बहुतेक घरांत हा हिशेब सिलिंडरची किंमत आणि महिन्याचे वीजबिल शेजारी ठेवून केला जातो, पण त्यातून काहीच कळत नाही. तुलना करायची ती प्रत्यक्ष पाण्याला मिळालेल्या उष्णतेची. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमधील गॅस पूर्ण जळाला तर सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता मिळते. गॅस गिझर त्यातील साधारण ८० टक्के पाण्यापर्यंत पोहोचवतो असे धरले, तर १४५ युनिटांच्या आसपास उष्णता हाती लागते. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागावे. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर एका युनिटाइतकी उष्णता सव्वासहा रुपयांच्या आत पडते. हा आकडा आपल्या वीजदराशी ताडून पाहावा.

मात्र येथेच आणखी एक चूक होते, ती म्हणजे एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढण्याची. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात. गिझरची वीज ही घरातील दिवे, पंखे आणि फ्रिजच्या वापरावर पडणारी भर असते, त्यामुळे तिला आपण शेवटी ज्या टप्प्यात पोहोचतो त्याचाच दर लागू होतो आणि त्यावर वहन आकार व वीज शुल्कही येते. छतावर सौर पॅनेल असलेल्या घरांचे गणित अर्थातच वेगळे असून तेथे बहुधा वीजच सरस ठरते. कमी माणसांच्या घरातही फरक किरकोळच राहतो, कारण २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला जेमतेम ०.६ युनिट लागते आणि २ किलोवॅटचा गिझर ते काम १७-१८ मिनिटांत करतो. तो तासभर चालू ठेवण्याची सवय मोडली, तर दरांच्या वादात पडण्याची गरजच उरत नाही.

पैशाचा हिशेब गॅसच्या बाजूने लागला, तरी त्याहून मोठी एक गोष्ट तपासल्याशिवाय गॅस गिझर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बंद न्हाणीघरात हा गिझर लावणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग असतो ना वास. सिलिंडरमधील गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते, परंतु हा विषारी वायू जळणातून निर्माण होत असल्याने "वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे" हा समज घातक ठरतो. डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे ही त्याची लक्षणे आहेत. कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही, आणि थंडीच्या दिवसांत वाफेसाठी खिडकी घट्ट लावलेली असते, तेव्हाच हे घडते. गिझर न्हाणीघराबाहेर, गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या मोकळ्या हवेत लावून केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरत नाही, कारण बाहेरून ताजी हवा आत येण्यासही वाट लागते. ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी पडली किंवा गिझरवर काजळी धरली, तर वापर त्याच दिवशी थांबवून मेकॅनिकला बोलवावे. आंघोळीला गेलेले माणूस हाकेला उत्तर देत नसेल तर गॅस बंद करून, दार उघडून, त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात पोहोचताच गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना सांगावे.

हाच धोका बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्यातही आहे. नागपूरची कडाक्याची थंडी थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे खोलीसाठी वेगळी गॅसची सोय करण्यात अर्थ नाही. साधा हीटर एका युनिट विजेतून एकाच युनिटाची उष्णता देतो, पण गरम-गार अशा दोन्ही कामांचा एसी बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून घेत असल्याने तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट ऊब देतो. नवा एसी घ्यायचाच असेल, तर ही सोय विचारून घ्यावी.

गारव्यासाठी घरगुती पातळीवर गॅसचा पर्याय जवळजवळ नाहीच. खरी निवड कूलर आणि एसी यांमध्ये करायची असते. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्क्यांची असेल, तर चांगल्या ओल्या वाळ्यातून येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. मे महिन्यात कूलर फिका वाटत असेल तर दोष बहुधा बंद खिडकीचा असतो, कारण आत आलेली दमट हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जायलाच हवी. जुलैत मात्र हवाच दमट असल्याने कूलर चिकटपणा वाढवतो आणि त्या वेळी त्याच्या दुरुस्तीवर खर्च करू नये. एसी चालू असलेल्या खोलीत कूलर लावणे तर उलटेच काम आहे, कारण ती वाढीव ओल काढण्यात एसीची वीज जाते.

कूलरच्या बाबतीत विजेच्या धक्क्याचा विषय दर उन्हाळ्यात गांभीर्याने घ्यायला हवा. लोखंडी पत्र्याचा कूलर, पायाखाली ओली फरशी, हातात पाण्याचा पाइप आणि पंप चालूच, असे दृश्य अनेक घरांत दिसते. टाकी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा, तीन पिनांचाच प्लग वापरावा, आर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे सुरक्षा-बटण) बसवून तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात.

एसी कमी गार करू लागला की "गॅस संपला" असे सांगून दरवर्षी तो भरून घेतला जातो. हा गॅस इंधनासारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जातो. त्याआधी जाळी धुवावी आणि बाहेरच्या युनिटवरील धूळ झाडावी. ते पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापत असेल, तर हवेची वाट न अडवता वर छप्पर करून घ्यावे.