वळणावर थडथडणारा एलएसडी : मागचा धुरा बांधल्यावर या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या फोर बाय फोर पिकअप गॅरेजला यायला लागतात. मागचा धुरा कुणीतरी नुकताच बांधलेला असतो आणि तक्रार ठरलेली : "सरळ रस्त्याला झकास जाते, वळवली की मागनं थडथडते." मालकाच्या हातात नव्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे धुऱ्यातल्या मुख्य दातेरी जोडीचं, कोटेशनही असतं. ते कोटेशन आधी खिशात घाला.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणारी धुऱ्यातली गिअरची जोडणी. साध्या डिफरन्शियलात एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की पकड असलेल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी जागच्या जागी बसते. एलएसडीत, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलात, साइड गिअरच्या मागं क्लचप्लेटांची थप्पी असते, एक घर्षणाची, एक पोलादी. ती दोन्ही चाकांना एकमेकांपासून सहज सुटू देत नाही. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, तेव्हा या प्लेटा एकमेकींवरून मऊ घसरायला हव्यात. त्या चिकटल्या, सुटल्या, परत चिकटल्या की थडथड होते. म्हणजे हा आवाज बहुतेक वेळा दातांचा नसतो, तेलाचा असतो.

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका ऊसवाल्याची गाडी आठवते. एका गॅरेजनं धुरा बांधून दिलेला. थडथड आल्यावर त्यांनी "बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) चुकलाय" म्हणून परत खोलला, शिम (जुळणीच्या पातळ चकत्या) बदलले. आवाज तसाच. मग "क्राऊन-पिनियनच गेलंय" असं निदान झालं. आमच्याकडं आल्यावर मी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, तेल कुठलं घातलंय? मालकानं मागच्या हौद्यातून अर्धा डबा काढून दिला. नव्वद नंबर, जीएल-४ दर्जाचं, गिअरबॉक्सचं. हायपॉइड क्राऊन-पिनियनला जीएल-५ लागतं आणि क्लचप्लेटांच्या एलएसडीला त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा मऊ घसरू देणारी पुरवणी) लागतो. यातलं एकही त्यात नव्हतं. तेल काढलं, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ आणि मॉडिफायर घातला, आणि मोकळ्या मैदानात गाडी हळूहळू आठच्या आकड्यात फिरवली, दोन्ही बाजूंना सारखी. आधी थडथड दबली, मग गेली. मालक म्हणाला, "एवढंच हुतं व्हय?" दोनदा धुरा खोलल्याची मजुरी त्यानं आधीच भरली होती.

नव्या प्लेटा कोरड्या बसवणं हा याचाच सख्खा भाऊ. मॅन्युअलमध्ये थोडाच वेळ भिजवायला सांगतात, मी मॉडिफायर घातलेल्या तेलात रात्रभर ठेवतो. नव्या पोरांना ही एक रात्र सोसत नाही. पाकीट फोडलं की बसव, संध्याकाळी गाडी दे. त्यांना कोण सांगणार!

उलटी चूकही तितकीच दिसते. डब्यावर 'एलएस' लिहिलेल्या तेलात मॉडिफायर आधीच असतो, तरी वरून बाटली ओततात. तांबडा रस्सा नव्हे हा, की आणखी एक वाटी घातली तर बरंच. मॉडिफायर जास्त झाला की प्लेटा धरतच नाहीत आणि एलएसडी साध्या डिफरन्शियलसारखा वागतो. धरतो की नाही ते बघायचं तर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, एक चाक जमिनीवर आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. दुसरं चाक उचलून टॉर्क रेंचनं फिरवा आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा.

हे हातानंच करायचं. एक चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू करून गिअर टाकणारे बहाद्दर मी बघितलेत. एलएसडी जमिनीवरच्या चाकालाही जोर देतो, गाडी जॅकवरून उडी मारते. इथं चेष्टा नाही.

आता सरळ रस्त्यावरचा आवाज. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलत असेल तर क्राऊन-पिनियनच्या जुळणीकडं बघा. एकसारखी घरघर असेल तर बेअरिंग. गाडी हलवताना 'खट्' होत असेल तर धुरा खोलायच्या आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) हलवून बघा.

माझं दुसरं दुखणं म्हणजे पिनियनचा चेपणारा स्पेसर, त्याच्या दोन बेअरिंगमधली नळी. हा एकदाच चेपायचा असतो. तो जुनाच घालतात, वर इम्पॅक्ट गननं नट 'घट्ट' करतात. बेअरिंगवर किती दाब बसला हे गनला कळत नाही. नट थोडा थोडा आवळायचा, दरवेळी पिनियनची फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची तबकडी) फिरवून ओढ मोजायची. इंच-पाउंडाचा रेंच नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्यानं सावकाश ओढा. सुटतानाचा झटका सोडा, फिरत असतानाचा आकडा घ्या आणि त्याला फ्लँजच्या त्रिज्येनं गुणा. आकडा मॅन्युअलच्या पुढं गेला तर नट सैल करून भागत नाही, स्पेसर नवाच घालायचा. दाब जास्त झाला की थोड्याच किलोमीटरवर पिनियनजवळ हात ठेववत नाही आणि नवं बेअरिंग रडायला लागतं. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते मिळतं, म्हणून काहीजण पाइपाचा तुकडा टर्न करून घालतात. सॉलिड स्पेसर चालतो, पण त्याला शिम लावून दाब जमवावा लागतो. नुसता लांबीला लांबी जुळवलेला तुकडा म्हणजे जुगार.

कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो ते घर) बेअरिंगच्या टोप्या डाव्याच्या उजव्या करू नका. खोलतानाच पंचनं खुणा मारा.

एकीकडं नवा टायर, दुसरीकडं झिजलेला रिमोल्ड नको. दोघांचा घेर वेगळा असला की सरळ रस्त्यालाही प्लेटा घासत राहतात आणि तापतात.

ब्रीदर (धुऱ्यातली हवा सोडणारं तोंड) तुंबला की तेल सीलमधून बाहेर पडून ब्रेकच्या लायनरवर जातं. सील बदलायच्या आधी ब्रीदर फुंकून बघा.

गाडी उतारावर उभी करून तेल भरू नका.

बांधल्यावर पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश फिरवा आणि धुरा पूर्ण गार होऊ द्या. उसाची मोळी, वाळू, ट्रॉली यातलं काही पहिल्या आठशे किलोमीटरपर्यंत नको. मग तेल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट करडी मऊ पेस्ट असेल तर काळजी नको, ती झीज नेहमीची. नखाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर गाडी हलवू नका, कव्हर खोला.