अमेरिकेत शेजारधर्म पाळताना या चुका टाळा

अमेरिकेत नव्याने संसार मांडणारी मराठी कुटुंबं व्हिसा, लायसन्स, शाळाप्रवेश सगळं नीट समजून घेतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांत वावरायची रीत मात्र कुणी बसवून सांगत नाही. मग चांगल्या मनाच्या माणसाकडूनही नकळत कुणी दुखावतं. समोरचा तोंडावर काही बोलत नाही, फक्त पुढचं बोलावणं येत नाही.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे आमंत्रणाला उत्तर न देणं. तोंडावर नाही म्हणायला जीव होत नाही, म्हणून आपण 'बघतो', 'जमवतो' म्हणतो. मुलाच्या वर्गातल्या मैत्रिणीचा वाढदिवस ट्रॅम्पोलिनच्या हॉलमध्ये किंवा बोलिंगला असेल, तर तिच्या आईवडिलांनी बहुतेक वेळा डोईमागे पैसे भरलेले असतात. तुमचं 'बघतो' त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. दिलेल्या तारखेच्या आत 'हो' किंवा 'नाही' कळवा. नकाराला कारण द्यायची गरज नसते आणि त्याचा राग धरला जात नाही. तारीख उलटून गेली असेल, तरी गप्प बसण्यापेक्षा 'उशिरा कळवतोय, माफ करा, आम्हाला येणं जमणार नाही' एवढा मेसेज पुरतो.

आमंत्रणावर एकाच मुलाचं नाव असेल, तर धाकट्याला परस्पर सोबत नेऊ नका. घरी सांभाळायला कुणी नसेल तर आधी विचारा आणि त्याचे पैसे आम्ही भरतो असंही सांगा. कार्यक्रम दोन ते चार असेल, तर चार वाजता निघायचं असतं. घरी जेवायला बोलावलं असेल तर पाच-दहा मिनिटं उशीर चालतो. लवकर पोहोचणं मात्र अडचणीचं, कारण यजमान अजून आवरत असतात. आणि 'कधीतरी जेवायला भेटू या' हे वाक्य ऐकून महिनोन्‌महिने वाट पाहत बसू नका. तारीख ठरेपर्यंत ते आमंत्रण नसतं. ओळख वाढवायची असेल तर तारीख तुम्हीच सुचवा.

पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, होणारी चूक मात्र जिवावर बेतू शकते. शेंगदाणे किंवा तिळाची तीव्र ॲलर्जी असलेली मुलं इथे शाळेत, गल्लीत सहज भेटतात. पाकीटबंद पदार्थांवर नऊ गोष्टी स्पष्ट लिहाव्यात असा केंद्राचा कायदाच आहे: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जीव, काजू-बदाम-अक्रोड, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि 2023पासून तीळ. घरच्या डब्याला तो कायदा लागू नाही, पण टेबलाभोवतीची माणसं तीच आहेत.

आता आपला स्वयंपाक आठवा. कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात दाण्याचा कूट असतो, तो वरून दिसत नाही. गोड्या मसाल्यात तीळ असतात. पनीरच्या रश्शाला काजूची पेस्ट लावलेली असते. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे गहू वर्ज्य असलेल्या माणसाला साधं फोडणीचं वरणही चालेलच असं नाही. म्हणून भांड्यासमोर पदार्थाचं नाव आणि घटक मोठ्या अक्षरांत लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी ठेवा आणि वाढायला स्वतःचा डाव न्या. एकाच चमच्याने दोन पदार्थ वाढले गेले की चिठ्ठीला अर्थ उरत नाही.

चिठ्ठी राहून गेली असेल तर लगेच यजमानांना सांगा आणि हाताला लागेल त्या कागदावर लिहून ठेवा. कुणी विचारलं आणि तुम्हाला खात्री नसेल, तर 'खाऊ नका' म्हणा, त्यात संकोच नको. 'अगदी थोडंसंच आहे, काही होत नाही' हे वाक्य कधीही उच्चारू नका. खाल्ल्यावर कुणाचा घसा आवळायला लागला, श्वास अडायला लागला, तर त्या माणसाकडचं एपिनेफ्रिन (ॲलर्जीवरचं तातडीचं औषध) ताबडतोब द्यायला सांगा आणि 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करा.

31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला मुलं वेश करून दारोदार खाऊ मागत फिरतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. घरचे लाडू-चिवडा कितीही प्रेमाने दिला तरी अनोळखी घरचा सुटा खाऊ पालक मुलांना खाऊ देत नाहीत. कारखान्यातून बंद पाकिटात आलेलाच द्या. 2014पासून निळसर हिरव्या भोपळ्याची रीत पसरली आहे. तो दाराशी दिसला की इथे खाऊऐवजी पेन्सिली, छोटी खेळणीही मिळतात, हे ॲलर्जी असलेल्या मुलांना कळतं. दारावरचा दिवा लावलेला म्हणजे 'या', मालवलेला म्हणजे 'आज नको'. दिवा लावून दार न उघडणं मुलांना लागतं. नातवंडांकडे आलेल्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा. खाऊ संपला की दिवा बंद करा.

हॉटेलात बिलावर वेगळी टिप ठेवावी लागते, याबद्दलची आपली नाराजी समजण्यासारखी आहे. मलाही ही पद्धत न्याय्य वाटत नाही. पण तिचा भुर्दंड वेटरने का सोसायचा? केंद्राच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा 1991पासून हललेला नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारखी काही राज्यं पूर्ण किमान वेतन देतात, टिपेची अपेक्षा तिथेही असते. बसून जेवलात तर कर धरण्याआधीच्या रकमेवर 18 ते 20 टक्के ठेवा. मोठा गट असेल तर टिप बिलातच लावलेली नाही ना, हे आधी पाहा. सेवा वाईट असेल तर मॅनेजरशी बोला. काउंटरवरून पार्सल घेताना टिप ऐच्छिक आहे, तिथे पैसे भरताना टिप विचारणाऱ्या स्क्रीनला घाबरू नका.

दिवाळीची आमंत्रणं शेजाऱ्यांच्या टपालपेटीत टाकू नका. तिकीट न लावलेलं पत्र त्या पेटीत टाकणं कायद्याने मना आहे. दाराला अडकवा, किंवा हातात द्या, तेच बरं. नाताळात टपालवाल्याला भेट द्यायची तर रोख रक्कम नको, ती त्याला घेता येत नाही. 20 डॉलरपर्यंतची छोटी वस्तू चालते.

आता बर्फ. अनेक शहरांत घरासमोरचा पदपथ साफ करणं घरमालकाचं काम असतं. शिकागोत सकाळी सात ते संध्याकाळी सातच्या दरम्यान पडलेला बर्फ त्याच रात्री दहापर्यंत काढावा लागतो. बोस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांत, आणि रात्री थांबला तर सूर्योदयानंतर तीन तासांत. काढलेला बर्फ रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या वाटेत ढकलू नका. भाड्याने राहत असाल तर हे काम कुणाचं ते करारात वाचा. शेजारी कुणी म्हातारं एकटं असेल तर त्यांचीही वाट करून द्या. याच्याइतकी लवकर ओळख मी दुसऱ्या कशाने होताना पाहिलेली नाही.

आपली खरी गफलत होते ती डिसेंबरात. तीन-चार आठवडे भारतात जायचं, आणि मागे पदपथ बर्फाने भरून गेलेला. निघण्याआधी गल्लीतल्या एखाद्या कॉलेजवयीन मुलाला किंवा मुलीला काम सांगा आणि पैसे आगाऊ द्या. टपाल खात्याला सांगितलं तर पत्रं 30 दिवसांपर्यंत राखून ठेवली जातात. पार्सलं उचलून घेण्याविषयी शेजाऱ्याला विचारा, त्यांच्याकडे तुमचा भारतातला नंबर द्या, आणि ते गावाला जातील तेव्हा त्यांचं घर तुम्ही सांभाळाल हे त्याच वेळी सांगून टाका.