ग्राफनाचं एक्सप्लोर कसं वापरायचं: आधी ‘कधी’, मग ‘कुठे’, शेवटी ‘का’

एखादी सॉफ्टवेअर सेवा बिघडून अलर्ट वाजला की बहुतेक जण ग्राफनात, म्हणजे सेवांची तब्येत आलेखांत दाखवणाऱ्या साधनात, डॅशबोर्ड उघडतात आणि वीस-पंचवीस आलेखांवरून नजर फिरवत बसतात. आमच्या टीममध्ये नवीन कुणी आलं की मी आधी ही सवय मोडायला लावते. डॅशबोर्डवर एक नजर टाका, कुठल्या सेवेचं दुखतंय ते बघा आणि लगेच एक्सप्लोरमध्ये, म्हणजे हवी ती क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) तिथल्या तिथे चालवून बघायच्या पानावर, जा. डॅशबोर्डवर कुणीतरी कधीतरी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मांडलेली असतात. आज जे बिघडलंय ते त्या माणसाच्या डोक्यात आलंच असेल असं कशावरून? ग्राफनालाही ही गरज उशिराच उमगली. टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ साली किबाना या दुसऱ्या डॅशबोर्ड-साधनाचा कोड घेऊन ग्राफना बाहेर आणलं तेव्हा सगळा भर डॅशबोर्डवर होता. एक्सप्लोर पूर्णपणे हाती आलं ते २०१९ मध्ये, सहाव्या आवृत्तीत.

पुढे जे सांगतेय त्यात मेट्रिक्ससाठी (ठरावीक वेळाने उचललेले आकडे) प्रोमिथियस आणि लॉगसाठी (प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदी) लोकी हा साठा धरलाय. क्वेरी मी शब्दांतच सांगेन, कारण नवव्या आवृत्तीपासून बिल्डर नीट वापरता येतो आणि त्यात सगळं निवडून जमतं. बिल्डरने बनवलेली क्वेरी कोड मोडमध्ये जाऊन जरूर वाचा, दोन आठवड्यांत हाताने लिहायला लागाल. मेनूत एक्सप्लोर दिसतच नसेल तर तुमचा रोल बहुधा ‘व्ह्यूअर’ आहे. ॲडमिनकडून एडिटरचा हक्क मागून घ्या, आणि तो शांततेच्या काळात मागा.

आधी घड्याळ

समजा, अलर्ट आला की ऑर्डर घेणाऱ्या सेवेत ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’ सांगणारा एरर कोड) वाढलेत. क्वेरी लिहिण्याआधी वरच्या कोपऱ्यातला कालावधी ठरवा. ‘मागचे ६ तास’ घ्या, म्हणजे बिघाडाआधीची नेहमीची पातळीही दिसेल. नुसता बिघाडाचा तुकडा बघितला तर मिनिटाला चाळीस एरर जास्त की कमी हे कळणार कसं? तिथेच टाइमझोनही बघून घ्या. ग्राफना ब्राउझरची वेळ दाखवतं, सर्व्हरवरचे लॉग बऱ्याचदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिलेले असतात. दोन माणसं फोनवर दोन वेगवेगळ्या ‘सव्वादोन’बद्दल भांडताना मी ऐकली आहेत.

आता बिल्डरमध्ये रिक्वेस्ट मोजणारा काउंटर निवडा, सेवेचं नाव लेबलमध्ये (आकड्यांना चिकटवलेल्या ओळखचिठ्ठीत) टाका, ऑपरेशनमध्ये ‘रेट’ आणि त्यावर ‘सम’, गट पाडायला स्टेटस (५०३ सारखा उत्तराचा कोड). झाली क्वेरी. शिफ्ट-एंटर दाबलं की चालते.

इथे ‘रेट’ का, हे एकदा नीट समजून घ्या. काउंटर फक्त चढतो. प्रोसेस रीस्टार्ट झाली की शून्यावर येतो आणि पुन्हा चढायला लागतो. कच्चा काउंटर बघून काहीच कळत नाही, नुसता जिना दिसतो. रेट दर सेकंदाची वाढ काढतो आणि मधली शून्यावरची घसरण ओळखून सांभाळून घेतो. म्हणूनच आधी रेट, मग बेरीज. उलट केलं तर काय होतं बघा. तीन पॉड (सेवेच्या चालू प्रती) आहेत, काउंटर ८०,०००, ९०,००० आणि ८०,००० वर. बेरीज २,५०,०००. पहिला पॉड रीस्टार्ट झाला, बेरीज १,७०,००० वर आली. रेटला आकडा घसरलेला दिसतो, तो समजतो काउंटर शून्यावर गेला होता आणि हे सगळे १,७०,००० नव्याने आलेत. पाच मिनिटांच्या खिडकीत (रेट जेवढ्या काळावर काढतात तो तुकडा) म्हणजे सेकंदाला साडेपाचशेहून जास्त रिक्वेस्ट, ज्या कधी आल्याच नाहीत. थेट असं लिहिलं तर प्रोमिथियस एरर देऊन अडवतो. पण कुणी रेकॉर्डिंग रूलमध्ये (क्वेरीचं उत्तर आधीच काढून साठवणाऱ्या नियमात) बेरीज करून ठेवली असेल आणि तुम्ही तिच्यावर रेट लावला, तर कुणी अडवत नाही. दर डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) एक सुळका दिसतोय? आधी हे तपासा.

खिडकी किती मिनिटांची ठेवायची, हा दुसरा नेहमीचा घोळ. रेटला खिडकीत किमान दोन नमुने लागतात. प्रोमिथियस दर मिनिटाला आकडे उचलत असेल आणि खिडकीही एका मिनिटाची असेल, तर आलेख रिकामा येतो आणि लोक सर्व्हिस पडली म्हणून धावतात. उलट बाजूला, मागचे ७ दिवस बघताना हजारभर पिक्सेलच्या आलेखात दोन बिंदूंमध्ये साधारण १० मिनिटांचं अंतर पडतं. खिडकी पाच मिनिटांची असेल तर निम्मा वेळ कुणी बघतच नाही, छोटा बिघाड त्या फटीत गडप होतो. म्हणून हाताने आकडा टाकू नका, ग्राफनाचं रेट-इंटरव्हल हे व्हेरिएबल वापरा. ते बिंदूंमधल्या अंतराप्रमाणे खिडकी ताणतं आणि स्क्रेपच्या, म्हणजे प्रोमिथियस जितक्या वेळाने आकडे उचलतो त्याच्या, चौपटीखाली जात नाही. अट एकच: डेटा सोर्सच्या सेटिंगमध्ये स्क्रेप इंटरव्हल खरा भरलेला हवा. तो रिकामा सोडला तर ग्राफना १५ सेकंद धरतं. चौपट झाली एक मिनिट, आणि तुमचा स्क्रेप मिनिटाचा असेल तर पुन्हा तोच रिकामा आलेख.

रिकाम्या आलेखावरून आठवलं. एरर मोजणारी मालिका पहिला एरर येईपर्यंत जन्मालाच आलेली नसते. ती थेट १ या आकड्याने उगवली तर रेटच्या लेखी वाढ शून्य, कारण आधीचा नमुनाच नाही. दिवसातून एकदाच पडणारा एरर असा हुलकावणी देतो. कोडमध्ये सुरुवातीलाच काउंटर ० ने उघडून ठेवायला डेव्हलपरांना सांगा.

कुठे दुखतंय

५०३ ची रेघ वर गेलेली दिसली की गट पाडायचं लेबल बदलत जा: पॉड, मग पाथ, मग आवृत्ती. एक्सप्लोरची खरी मजा इथे आहे. दर वेळी एकच गोष्ट बदला. आपल्या उदाहरणात समजा चारपैकी एकाच पॉडची रेघ वर आहे. मग डेटाबेस पूर्ण बसलाय ही शंका जवळपास बाद, कारण बाकीचे तिघे त्याच डेटाबेसवर निवांत चालू आहेत. आलेखावर माउसने ओढून तेवढाच तुकडा मोठा करा. आत्ताचे नुसते आकडे हवे असतील तर क्वेरीचा प्रकार ‘इन्स्टंट’ करा, सुबक तक्ता मिळतो.

प्रतिसादाला लागणारा वेळ बघताना मात्र जपून. हिस्टोग्रामवरून (वेळेप्रमाणे बादल्यांत मोजलेल्या रिक्वेस्ट) पी९९ (९९ टक्के रिक्वेस्ट ज्याच्या आत संपतात तो वेळ) काढलं आणि रेघ बरोब्बर १० सेकंदांवर सपाट पडली, तर तो मोजलेला आकडा समजू नका. प्रोमिथियसच्या गो भाषेतल्या लायब्ररीत बादल्यांच्या ठरलेल्या सीमा ०.००५ पासून १० सेकंदांपर्यंत आहेत, त्यापुढचं सगळं अनंत नावाच्या शेवटच्या बादलीत. पी९९ त्या बादलीत पडलं की फंक्शन शेवटची मोजता येणारी सीमा, म्हणजे १०, परत देतं. खरा वेळ ११ सेकंद असेल नाही तर ९० सेकंद, आलेखात फरक शून्य. बादलीच्या आतही ते सरळ रेषेने अंदाज बांधतं. ५ आणि १० च्या मध्ये आलेलं ७.३ हे मोजमाप म्हणून कुणाला कळवू नका. आणि बेरीज करताना सीमेचं ‘एलई’ लेबल गटात ठेवायला विसरू नका, नाहीतर काहीच हाती लागत नाही.

लॉगकडे वळताना

आता स्प्लिट दाबा. डावीकडे मेट्रिक, उजवीकडे त्याचीच प्रत येते. उजवीकडचा डेटा सोर्स लोकी करा. दोन्हीकडे लेबलांची नावं सारखी ठेवली असतील तर सेवा आणि पॉडची निवड आपोआप तिकडे येते. नसतील तर एवढ्यासाठी तरी ती सारखी करून घ्या. कालावधीजवळचं सिंक बटण चालू करा, म्हणजे एका बाजूला झूम केलं की दुसरी बाजूही हलते.

लोकीचा स्वभाव ओळखून विचारलं तर ते पटकन उत्तर देतं. ते ओळींमधल्या प्रत्येक शब्दाची सूची करत नाही. कागदांचे गठ्ठे बांधून प्रत्येकावर चिठ्ठी लावावी तसं ते फक्त लेबलांची सूची ठेवतं, आतलं दर वेळी उघडून वाचतं. म्हणून लेबलांनी गठ्ठे जितके कमी कराल तितकं बरं. मग ‘लाइन कंटेन्स’ने ओळी गाळा, आणि उरलेल्यांवरच जेसन किंवा लॉगएफएमटी (ओळी लिहायच्या दोन पद्धती) पार्सर, म्हणजे ओळ फोडून त्यातली माहिती वेगळी काढणारा, लावा. पार्सर आधी आणि गाळणी नंतर ठेवली तर तेच उत्तर यायला उगाच वेळ जातो. हाच स्वभाव ध्यानात घेऊन युजर आयडी, रिक्वेस्ट आयडी असलं काही लेबल करू नका. लाखो गठ्ठे होतात आणि लोकी गुदमरतं.

नुसतं ‘एरर’ शोधू नका. ‘एरर नाही’ असं सांगणाऱ्या ओळीही त्यात येतात, आणि मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक धरला जात असल्याने हव्या त्या सुटतात. पार्सर लावून लेव्हलवर (एरर, इन्फो अशी ओळीची पातळी) गाळा. काही ओळी पार्स झाल्या नाहीत तर त्यांच्यावर पार्सिंग-एररचं लेबल चिकटतं, तेही एकदा बघा. प्रोसेस कोसळताना टाकलेला स्टॅक ट्रेस (कोड कुठल्या पायरीवर होता त्याची यादी) कुठे जेसनमध्ये असतो?

आणि हजार ओळींची मर्यादा. ग्राफना नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळ्यात ताज्या १००० ओळी आणतं. गोंगाट करणाऱ्या सेवेत त्या शेवटच्या दीड मिनिटाच्याच असू शकतात, मग तुम्ही ६ तास निवडलेत म्हणून काय झालं? बिघाडाची सुरुवात त्यांत नसतेच. वरचा लॉग व्हॉल्यूमचा पट्टीआलेख बघा, पट्ट्या जिथे उंच व्हायला लागतात तिथली दोन मिनिटं ओढून निवडा आणि ओळी जुन्या आधी अशा लावा. मेट्रिकच्या रेघेवरून नेमका क्षण ठरवू नका. पाच मिनिटांच्या खिडकीतला रेट हळूहळू चढतो आणि बिघाड संपल्यावरही पाच मिनिटं रेंगाळतो. मेट्रिक सव्वादोनपर्यंत आजारी दिसतं, लॉगमधला शेवटचा एरर २:१० चा असतो. खरी वेळ लॉगची धरा.

आपल्या उदाहरणात पहिली एरर ओळ सापडते: डेटाबेस कनेक्शन मिळायला वेळ लागला, पूल (तयार कनेक्शनांचा साठा) रिकामा. नवखा माणूस इथे थांबतो, पूल मोठा करायचं तिकीट टाकतो आणि जेवायला जातो. थांबू नका. त्या ओळीवर ‘शो कॉन्टेक्स्ट’ दाबा. गाळणीमुळे लपलेल्या, त्याच स्ट्रीममधल्या (त्याच लेबलांच्या गठ्ठ्यातल्या) आधीच्या आणि नंतरच्या ओळी दिसतात. एररच्या चाळीस सेकंद आधी इन्फो लेव्हलची एक साधी ओळ आहे: वर्षभराच्या ऑर्डरींचा रिपोर्ट काढायला सुरुवात. तो संपल्याची ओळ नाही. थोडं खाली तसाच आणखी एक रिपोर्ट सुरू, मग आणखी एक. कनेक्शन कुणी धरून ठेवलीत ते दिसलं.

पण एका ठिकाणी दिसलं म्हणून तेच कारण, असं नसतं. आता लॉगलाच मोजायला लावा. रिपोर्ट सुरू झाल्याच्या ओळी गाळा, ‘काउंट ओव्हर टाइम’ लावा, पॉडप्रमाणे बेरीज करा, आणि कालावधी मागच्या २४ तासांचा. रिपोर्ट इतर पॉडवरही तितकेच सुरू झालेले असतील आणि तिथे ५०३ नसतील, तर तुमचा कयास कच्चा आहे, परत लेबलं उलगडा. फक्त याच पॉडवर गठ्ठ्याने आले असतील, तर पुढचा प्रश्न लोड बॅलन्सरला (पॉडांमध्ये रिक्वेस्ट वाटून देणाऱ्याला) विचारायचा.

हाती आलेलं जपून ठेवा

क्वेरी हिस्टरीत तुमच्या क्वेरी दोन आठवडे राहतात, तारा लावलेल्या त्यानंतरही. कामाच्या क्वेरीला तारा लावून एका ओळीची टीप लिहा. ‘टेस्ट ३’ असली टीप नको, ‘कोणता पॉड पूल संपवतोय’ अशी.

लिंक पाठवताना कालावधी आधी पक्क्या तारखा-वेळांचा करा. ‘मागचा १ तास’ असलेली लिंक उद्या उघडणाऱ्याला उद्याचाच तास दाखवते, आणि पोस्टमॉर्टेमच्या (बिघाडाची नंतर चिकित्सा करायच्या) मीटिंगमध्ये सगळे एका शांत, निर्दोष आलेखाकडे बघत बसतात. लॉग किती दिवस ठेवले जातात तेही माहीत करून घ्या. मुदत संपली की लिंक पक्की असूनही आत काही नसतं, म्हणून महत्त्वाच्या ओळी डाउनलोड करून तिकिटाला जोडा.

जो आलेख पुन्हा लागेल असं वाटतं, तो ‘ॲड टू डॅशबोर्ड’ने पाठवा. मी मात्र लगेच पाठवत नाही. तीच क्वेरी दुसऱ्या एखाद्या बिघाडात परत काढावी लागली तरच तिला डॅशबोर्डवर जागा देते, आणि ती जागा करायला तिथला कुणी न बघणारा एक आलेख काढून टाकते.